लेंडीची वाट

शिर्डीतली पहिली बाग आज कोणाला दिसत नाही. ती समाधी मंदिराखाली आहे.

दर्शनाच्या रांगेत पुढे सरकणाऱ्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. पण साईसच्चरिताचा पाचवा अध्याय काढून पाहा. नागपूरच्या बुट्टींचा दगडी वाडा उभा राहण्याआधी तिथं उखर जमीन होती. कोणी काही पेरत नव्हतं, पेरून काही येतही नसावं. साईबाबांनी ती साफ केली, राहात्याहून जाई, जुई आणि झेंडू आणून लावले. वामन तात्या नावाचा भक्त रोज दोन कच्चे घडे आणून द्यायचा. बाबा विहिरीवर जायचे, घडे भरायचे, स्वतः वाहून आणायचे आणि झाडांना घालायचे. संध्याकाळी ते घडे निंबाखाली ठेवले जात आणि तिथेच फुटून जात. दुसऱ्या दिवशी वामन तात्याचे नवे दोन घडे हजर. असं तीन वर्षं चाललं. मग पुढे त्या जागी बुट्टींचा वाडा झाला, आणि 15 ऑक्टोबर 1918 ला, विजयादशमीच्या दिवशी बाबांनी देह ठेवल्यावर त्यांना तिथेच समाधी दिली गेली.

माझी आजी ही गोष्ट पोथीतून सांगत नसे. ती पुणतांब्याची. लग्न होऊन शिर्डीत आली तेव्हा बाबांना जाऊन दीड दशक उलटलं होतं, त्यामुळे तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं. तिच्या सासूने पाहिलं होतं. म्हणजे मला जे मिळालं ते दोन सासुरवाशिणींच्या तोंडून गाळून आलेलं. आजीचा सगळा भर गंगागीर महाराजांवर. पुणतांब्याचे गंगागीर शिर्डीला आले, त्यांनी दोन्ही हातांत घडे घेऊन निघालेला हा फकीर पाहिला आणि गावाला सांगितलं की हा साधा माणूस नव्हे, तुमचं भाग्य थोर. "तुमच्या गावाला कुठं कळत व्हतं? आमच्या पुणतांब्याच्या माणसानं आधी वळखलं," असं ती आजोबांना दर वेळी ऐकवायची. माहेरचा मान राखायची एकही संधी बाई सोडत नसे.

आजोबांना संतांच्या पारखीत फार रस नव्हता. त्यांना घड्यांत होता. "कच्चेच का? भाजून का दिले नाहीत?" हा प्रश्न त्यांनीच आमच्या डोक्यात घातला. उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही, करून दाखवलं. दिवाळीच्या आधी कुंभाराकडे आव्यात घालायच्या पणत्या उन्हात वाळत पडलेल्या असत. त्यातली एक त्यांनी मागून घेतली, ओट्यावर ठेवली आणि पाण्याने भरली. आधी काहीच झालं नाही. मग पणतीचा रंग बाहेरून गडद होत गेला. बुडाशी चिकट ओल आली, कडेला बारीक चीर दिसली, आणि थोड्या वेळाने पणतीच्या जागी चिखलाचा एक गोळा आणि पाण्याचा ओघळ राहिला. "आता सांग," आजोबा म्हणाले, "असा घडा घेऊन इहिरीपासून झाडापातुर जायचं म्हणजे कसं चालावं लागंल?"

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की तो माणूस झपाझप चालत असणार. आध्यात्मिक अर्थ ज्यांना लावायचा त्यांनी लावावा आणि भरपूर लोकांनी लावलाही आहे. घट म्हणजे देह वगैरे. मला आजोबांचा अर्थ पुरतो.

पाणी हा शिर्डीचा खरा इतिहास आहे, आणि तो सांगायला जुन्या लोकांइतकं कोणी उत्सुक नसतं. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. 1897 साली कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांच्या मनात शिर्डीत उरूस भरवायचं आलं, तेव्हा परवानगीपेक्षा मोठी अडचण पाण्याची निघाली. गावात विहिरी दोन. वापरातली एक लवकर आटायची, दुसरीचं पाणी खारं. पोथी सांगते की बाबांनी खाऱ्या विहिरीत फुलं टाकली आणि पाणी गोड झालं. त्याच्या पुढचं वाक्य कीर्तनात सहसा येत नाही. ते पाणीही पुरेना, म्हणून तात्या पाटलांना लांबच्या विहिरीवर मोटा लावून पाणी आणावं लागलं.

या दोन वाक्यांवर आमच्या घरात दोन पक्ष होते. आजी फुलांच्या पक्षात, आजोबा मोटेच्या. आजोबांनी उमेदीत मोट हाकलेली. नाडा कसा पिळायचा, सोंदूर कधी सैल सोडायचा, धावेवरून बैल खाली उतरताना नाड्यावर कसं बसायचं आणि मोट थारोळ्यात रिकामी होताना पाण्याचा आवाज कसा येतो, हे ते हातवारे करून सांगत. जत्रेला हजारो माणसं येणार, त्यांना प्यायला, आंघोळीला, जनावरांना पाणी, म्हणजे बैलांच्या किती फेऱ्या झाल्या असतील याचा हिशेब ते बोटांवर मांडायचे आणि शेवटी म्हणायचे, "फुलं बाबांनी टाकली, पर बैल तात्याचे दमले." आजी यावर उठून आत जायची. मला विचाराल तर पोथीकाराला दोन्ही वाक्यं लागोपाठ लिहावीशी वाटली, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. चमत्कार लिहितानाही त्यांना पाणीपुरवठ्याची तजवीज नोंदवल्याशिवाय चैन पडलेली दिसत नाही.

तो उरूस मुळात कसा होता हेही सांगायला हवं. रामनवमीच्या दिवशीच तो भरे. अहमदनगरच्या दामू अण्णा कासारांचं एक निशाण आणि निमोणकरांचं दुसरं, अशी दोन निशाणं मिरवत मशिदीवर लागायची. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करनी संदलाची मिरवणूक सुरू केली. 1912 पासून त्याच दिवशी रामजन्माचा उत्सवही होऊ लागला. कुस्त्या होत, तात्पुरती दुकानं लागत. आजीची सासू या जत्रेत बांगड्या भरायची आणि वर्षभर त्या जपायची. जत्रेच्या आठवणीत तिला संदलही होता आणि पाळणाही होता. यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही, म्हणून तिने ते कधी समजावूनही सांगितलं नाही.

त्या वेळचं गावठाण केवढं? द्वारकामाई मशीद, तिच्या शेजारी शाळा, जिथे माधवराव देशपांडे मास्तर होते. थोड्या अंतरावर चावडी, मारुती, मध्ये पाटलांची, कुंभारांची, तेल्यांची घरं. खंडोबाचं देऊळ गावाच्या कडेला. चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर धूपखेड्याहून आलेला तरुण फकीर त्या देवळापाशी उतरला आणि म्हाळसापतींनी "या साई" म्हटलं, हे आता जगाला पाठ आहे. सगळं गाव एका हाकेत. मग बाहेरगावचे भक्त येऊ लागले. दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 सालचा. कोपरगाव स्टेशनवर उतरून टांग्याने शिर्डी गाठायची. उतरायला जागा नाही, म्हणून 1908 मध्ये हरी विनायक साठ्यांनी निंबाभोवतीच्या जागेत वाडा बांधला. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित यांच्या वाड्याची पायाभरणी 10 डिसेंबर 1910 ला झाली आणि पुढच्या रामनवमीला ते राहायलाही आले. त्यानंतर बुट्टी. दहा वर्षांच्या आत तीन वाडे, तेही मशिदीपासून चार पावलांवर. ज्या गावात माडी म्हणजे पाटलाचीच, तिथे एकदम डेप्युटी कलेक्टर, सॉलिसिटर आणि नागपूरचे सावकार शेजारी आले. शिर्डीत आज जे बांधकाम अखंड चालू आहे त्याची पहिली कुदळ मला तिथे दिसते. फुलझाडांची जागा वाड्याला गेली तेव्हा कोणाला वाईट वाटल्याची नोंद नाही. खुद्द माळीबुवांनीही तक्रार केली नाही.

त्यांची दुसरी बाग होती ना.

लेंडी म्हणजे गावाबाहेरचा ओढा आणि त्याच्या आसपासची मोकळी जागा. बाबा रोज तिथे जात. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, टिळकांचे अमरावतीचे सहकारी, 1911 च्या डिसेंबरपासून काही महिने शिर्डीत राहिले. त्यांच्या रोजनिशीत पानोपानी एकच क्रम आहे. साईमहाराज बाहेर जाताना दर्शन झालं, ते परतल्यावर मशिदीत गेलो. सगळ्या गावाचं घड्याळ त्या फेरीवर चालायचं. वाटेवर लोक उभे राहत. लेंडीच्या आत मात्र कोणी जायचं नाही. सोबत अब्दुल असला तर असला.

हा अब्दुल नांदेडहून आलेला. पुढे 1936 च्या सुमारास नरसिंहस्वामींनी जुन्या भक्तांच्या जबान्या उतरवून घेतल्या, त्यात त्यांचीही आहे. लेंडीतल्या नंदादीपाचं वर्णन त्यातून कळतं, आणि ते आजच्या संगमरवराशी अजिबात जुळत नाही. निंब आणि पिंपळ यांच्यामध्ये जमिनीत एक खड्डा. खड्ड्यात दिवा. वाऱ्याने विझू नये म्हणून भोवती जस्ती पत्रे उभे केलेले आणि कापडाचे पडदे. बाबा तिथे बसायचे ते असे की दिवा त्यांनाच दिसत नसे. अब्दुल पाण्याची मडकी भरून जवळ ठेवायचा, बाबा ते पाणी चारी दिशांना शिंपडायचे आणि काही पावलं चालून दूर बघत उभे राहायचे. बस्स. उपदेश नाही, प्रसाद नाही. दिवा लावणाऱ्याने जे पाहिलं ते सांगितलं आणि त्याचा अर्थ सांगायच्या भानगडीत तो पडला नाही. शिर्डीवरच्या पुस्तकांच्या ढिगात इतकं कोरडं आणि म्हणूनच इतकं विश्वासार्ह असं फार थोडं आहे.

आता या वाटेबद्दल. माझ्या दृष्टीने शिर्डीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची यादी झाडूवाल्यांची आहे. मशिदीपासून लेंडीपर्यंतचा रस्ता रोज झाडायचा, हे काम पहिल्यांदा नेवाशाच्या बाळाजी पाटलांनी अंगावर घेतलं. पोथीच्या पस्तिसाव्या अध्यायात त्यांच्या वर्षश्राद्धाची गोष्ट येते, तिथे हे ओघात सांगितलं आहे. हे पाटील होते, स्वतःच्या शेतीचे मालक. त्यांच्यामागे राधाकृष्णामाईंनी तोच झाडू उचलला. त्यांच्यामागे अब्दुलनी. एक मराठा पाटील, एक एकटी राहणारी बाई, एक मुसलमान सेवेकरी. एकच वाट, आणि काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं. पुढे भाऊ महाराज कुंभारही पहाटे उठून गावातले रस्ते झाडत, असं जुने लोक सांगत. आजीने भाऊ महाराजांना पाहिलं होतं. "येडा म्हणायचे त्याला," ती म्हणायची. "पर त्यानं झाडलेल्या रस्त्यावर थुकायची कुणाची छाती न्हवती."

राधाकृष्णामाईंबद्दल ती जरा दबक्या आवाजात बोलायची. तरुण विधवा, गावात एकटी, कोणाचं ऐकून न घेणारी. गावाला अशी बाई झेपत नसते. पण रस्ते सारवणं, शेण काढणं, खड्डे बुजवणं, पालखीचा आणि चवऱ्यांचा थाट जमवणं, हे सगळं त्यांनी उभं केलं. रात्री उठून काम करत, असं सासूने आजीला सांगितलेलं. 1916 मध्ये त्या गेल्या. संस्थान कायदेशीररीत्या 1922 मध्ये स्थापन झालं, नगरच्या जिल्हा न्यायालयाने योजना मंजूर केल्यावर. माझ्या हिशेबात ते त्याआधीच सुरू झालेलं होतं, एका बाईच्या हातातल्या झाडूने.

लेंडीच्या ओढ्याशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, निदान आमच्या घरात तरी. पटकीची साथ येऊ घातली तेव्हा बाबा जातं मांडून गहू दळायला बसले. चार बायकांनी त्यांच्या हातातला खुंटा काढून घेतला, दळून झाल्यावर पीठ आपल्यालाच मिळणार असं धरून त्याचे वाटेही करून टाकले आणि वरून शिव्या खाल्ल्या. मग ते पीठ गावच्या शिवेवर नेऊन टाकलं. हेमाडपंतांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यातूनच त्यांना चरित्र लिहायची इच्छा झाली. आजीला गोष्टीचा शेवट फारसा आवडत नसे. तिला आवडायचा तो मधला भाग, पिठाचे वाटे करणाऱ्या बायकांचा. "गव्हाचं पीठ बघितल्यावर कुठल्या बाईला मोह न्हाई व्हणार? घरात बाजरी, तीबी मोजून." साथ, चमत्कार, सगळं बाजूला राहायचं आणि तेव्हाच्या शिर्डीत गहू किती दुर्मीळ होता ते मला कळायचं. बाजरीच्या गावात गव्हाचं पीठ ओढ्याकाठी उधळलं, ही गोष्ट त्या बायकांना किती लागली असेल!

बाबांनंतर लेंडीचं काय झालं हे सांगायला फार नाही. मुंबईचे रावबहादूर मोरेश्वर प्रधान यांनी ती जागा विकत घेतली आणि पुढे ती संस्थानकडे आली. बाबांच्या वेळची विहीर तिथे आहे, तिला बुडकी म्हणतात. बाबांच्या घोड्याची, श्यामसुंदरची समाधी आहे. दिव्याचा खड्डा गेला आणि त्याला संगमरवरी रूप आलं. आणि बागेच्या तोंडाशी माणसांच्या समाध्या आल्या. बाबांना 'मामा' म्हणणारे आणि जत्रेला मोटा लावणारे तात्या कोते पाटील 1945 मध्ये वारले, ते तिथे आहेत. भाऊ महाराज कुंभार तिथे आहेत. कोणाच्या बापाला न भिणारा नानावली तिथे आहे. अब्दुल बाबा 1954 मध्ये गेले, तेही तिथेच. म्हणजे पाणी आणणारा, रस्ता झाडणारा आणि दिवा लावणारा असे तिघेही आपापल्या कामाच्या ठिकाणी आहेत. गावकीत असं सहसा होत नाही. पाटलाची छत्री एकीकडे आणि कुंभाराची दुसरीकडे असते.

जुन्या माणसांचं पंचांग वेगळं असतं. आजी साल सांगताना आकडा वापरत नसे. "मूर्ती बसली त्या साली" म्हणजे 1954. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती 7 ऑक्टोबरला, दसऱ्याला समाधी मंदिरात बसली. तोवर तिथे समाधी होती आणि तसबीर होती. अब्दुल बाबा त्याच वर्षी गेले, म्हणून आजीच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच गाठीत बांधलेल्या. चावडीसमोरच्या घरात बसलेला तो वाळलेला म्हातारा तिला मूर्तीपेक्षा जास्त आठवायचा. मूर्तीला तिने पुढे रोजच पाहिलं म्हणूनही असेल.

"बहात्तरचं साल" मात्र तिलाही आकड्यानेच आठवे. तोवर मी दहा वर्षांचा झालो होतो, त्यामुळे इथून पुढे माझीही थोडी साक्ष आहे. शाळेत सुकडी मिळायची, घरी मिलोच्या भाकरी, ज्या थापताना तुटत आणि आजी त्यांना अमेरिकन शिव्या देई, म्हणजे अमेरिकेला शिव्या देई. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला पाटील आणि सालगडी शेजारी बसत. ओढ्याच्या वाळूत बाया झिरे खणायच्या. हातभर, दोन हात खाली गेलं की गढूळ पाणी सावकाश जमा होई. ते वाटीने हंड्यात भरायचं, वस्त्रगाळ करायचं आणि पुन्हा जमायची वाट पाहायची. एका हंड्याला केवढा वेळ लागतो हे ज्याने पाहिलं आहे तो नळ चालू ठेवून दात घासू शकत नाही. आजोबा झिऱ्यापाशी उकिडवे बसून म्हणायचे, "ह्यो ओढा हाय म्हणून लेंडी हाय. अन् लेंडी हाय म्हणून बाबा हितं फिरले. न्हायतर ते राहात्यालाच न्हाई का राह्यले असते?" राहात्याला कायम पाणी जास्त, तिथल्या पेरूच्या बागा प्रसिद्ध. आजोबांच्या या तर्काला पुरावा नाही. पण फुलझाडं राहात्याहून आणावी लागली होती, एवढं पोथीतही आहे.

दुष्काळ संपला आणि पाच वर्षांत दुसरा लोंढा आला. 1977 साली 'शिर्डी के साईबाबा' हा चित्रपट लागला. त्याच वर्षी 'अमर अकबर अँथनी' आला, आणि त्यातल्या कव्वालीने शिर्डीचं नाव पार आसामपर्यंत पोचवलं. "पिच्चर लागला अन् गाव गेलं," हा आजीचा निवाडा. गाव गेलं नाही, खरं तर आलं. टांगेवाल्यांची मुलं टॅक्सीवर गेली, गोठे पाडून खोल्या झाल्या, खोल्यांवर मजले चढले आणि मजल्यांवर लॉज. आमच्याही घराचं तेच झालं, उगाच सोवळं कशाला दाखवू? पुढे रेल्वे थेट साईनगर शिर्डी स्थानकापर्यंत आली, 2017 मध्ये काकडीला विमानतळ झाला, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. नगर–मनमाड रस्त्याची दुरुस्ती तेवढी आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताहासारखी चालू असते. ज्या गावाला जत्रेपुरतं पाणी मोटेने आणावं लागलं, तिथे आता वॉटर पार्क आहे. शहराचं पाणी गोदावरीच्या कालव्याच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांतून येतं, आणि आवर्तन लांबलं की आजही गावात तोच विषय निघतो. 26 ऑक्टोबर 2023 ला निळवंड्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं, तेव्हा कालव्याच्या पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य गेलेली माणसं टीव्हीसमोर बसून होती. आजोबा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, शेपटाला पाणी जाणार का?

फुलांचंही असंच. करोनात 17 मार्च 2020 ला मंदिर बंद झालं ते 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं. दर्शन सुरू झालं, पण हार-फुलं आत न्यायला मनाई पुढे बराच काळ राहिली. शिर्डीच्या आसपासच्या गावांत गुलाबाची शेती करणारे शेतकरी आंदोलनाला उतरले. दोन्ही बाजूंची कारणं मला कळतात. कचरा आणि भाविकांची लूट ही खोटी तक्रार नव्हती. पण ज्याने स्वतः पाणी वाहून झेंडू वाढवला त्याच्या दारात झेंडूला मनाई, हे वाचताना आजीने काय शब्द वापरले असते ते मी इथे लिहू शकत नाही.

लेंडी बाग आज नेटकी आहे. फरसबंद वाटा, हिरवळ, बसायला जागा. बहुतेक भाविक तिथे येईपर्यंत दमलेले असतात. नंदादीपाला प्रदक्षिणा घालतात, फोटोची सोय आहे का पाहतात आणि परततात. शिर्डीकर फारसे येत नाहीत. देवळाच्या आवारातली जागा म्हणजे पाहुण्यांची, असं आमच्या मनाने घेतलं आहे. यात चूक आमची आहे. बागेवर हक्क नसतो, वहिवाट असते, आणि वहिवाट मोडली की बाग दुसऱ्याची होते हे शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं सांगायला नको होतं.

तर बाहेरगावच्या वाचकांना एक विनंती. शिर्डीला आलात तर लेंडीत समाध्यांपाशी थांबा आणि पाट्यांवरची नावं वाचा. आणि शिर्डीकरांना एक काम. आपल्या हॉटेलाखालच्या, पार्किंगखालच्या जमिनीचा जुना सातबारा काढून पाहा. इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीचा हिस्सा लिहिलेला सापडेल, दोन आणे, चार आणे, पाळीपाळीने मोट धरायचा. घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर ती विहीर नेमकी कुठे होती, तिचं पाणी खारं होतं की गोड आणि ती कोणी, कधी बुजवली एवढं विचारून तारखेसह लिहून ठेवा. आमच्या घरची मी लिहून ठेवली आहे. ती आमच्या लॉजच्या जिन्याखाली आहे आणि पाणी गोड होतं.